शब्दानुक्रमकार अलेक्झांडर क्रूडन : चरित्र आणि प्रवाद

ग्रंथातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द वर्णानुक्रमाने घेऊन तो जेथे जेथे आला असेल तेथील वाक्यखंड आणि स्थलनिर्देश एकत्र देणाऱ्या साधनाला इंग्रजीत कॉन्कॉर्डन्स म्हणतात. मराठीत त्यासाठी शब्दसूची, पदानुक्रमकोश, शब्दानुक्रमकोश असे शब्द वापरले जातात. अशा साधनाच्या कर्त्याच्या वाट्याला सहसा कीर्ती येत नाही. कोश हाताळला जातो, कोशकार विसरला जातो. अलेक्झांडर क्रूडन (१६९९–१७७०) हा या नियमाला अपवाद होय. इंग्रजी बायबलचा त्याने सिद्ध केलेला शब्दानुक्रमकोश अडीच शतकांहून अधिक काळ त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि इंग्रजी वाचकाच्या लेखी क्रूडन हे विशेषनाम जवळजवळ त्या वाङ्मयप्रकाराचे सामान्यनाम झाले आहे. तथापि या कीर्तीला दुसरी बाजू आहे. तीन वेळा वेडा ठरवून कोंडला गेलेला, स्वतःस दुरुस्तीकार म्हणवणारा, हातात स्पंज घेऊन लंडनच्या भिंती पुसत हिंडणारा विक्षिप्त गृहस्थ म्हणूनही तो प्रसिद्ध आहे. चरित्रकारांनी या दोन क्रूडनांना बहुधा शेजारी शेजारी उभे केले आणि असल्या माणसाच्या हातून इतके शिस्तीचे काम कसे झाले याचे आश्चर्य व्यक्त करून विषय आटोपता घेतला. वास्तविक ज्या वृत्तीने कोश घडवला तीच वृत्ती क्रूडनच्या व्यवहारात अडचणीची ठरली. शिवाय त्याच्या वेडाचा पुरावा म्हणून जी पत्रके पुढे केली जातात ती बहुतेक त्याने स्वतःच, आणि तीही कोशकाराच्या पद्धतीने, लिहून ठेवलेली आहेत. त्याचे चरित्र वाचताना ही गोष्ट नजरेआड होता कामा नये.

क्रूडन हा या क्षेत्रातील पहिला नव्हे. तेराव्या शतकात, १२३० च्या दशकात, पॅरिसच्या सेंट जाक मठात ह्यू ऑफ सेंट शेर याच्या मार्गदर्शनाखाली डॉमिनिकन संन्याशांनी लॅटिन बायबलचा पहिला शब्दानुक्रमकोश तयार केला. त्या कामावर ५०० संन्यासी होते अशी परंपरागत समजूत आहे. या कोशात शब्द आणि स्थळ एवढेच होते, वाक्यखंड नव्हता. त्यामुळे प्रत्येक ठिकाण मूळ ग्रंथात उघडून पाहावे लागे. वचनांना क्रमांक देण्याची पद्धतही तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना अक्षरे दिली गेली. वाक्यखंड देण्याची सुधारणा त्याच शतकाच्या मध्यास इंग्रज डॉमिनिकनांनी केली. पुढे पंधराव्या शतकात आयझॅक नेथन याने हिब्रू बायबलचा कोश रचला. संपूर्ण इंग्रजी बायबलचा पहिला कोश जॉन मारबेक याचा, १५५० सालचा. विंडसरच्या राजप्रार्थनामंदिरातील हा वादक १५४३ साली पाखंडाच्या आरोपावरून पकडला गेला. त्याचे हस्तलिखित जप्त झाले, त्याला देहान्ताची शिक्षा झाली आणि पुढे माफी मिळाली. त्याने काम पुन्हा आरंभापासून केले. सतराव्या शतकात क्लेमेंट कॉटन, सॅम्युएल न्यूमन यांचे कोश निघाले. म्हणजे क्रूडनसमोर परंपरा होती. तिचे स्वरूप पाहिले तर हे काम एक तर मठाने मिळून करावे असे, किंवा एकट्याने केल्यास जिवावर बेतणारे. क्रूडनने ते एकट्याने केले.

त्याचा जन्म स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे १६९९ साली झाला. वडील विल्यम क्रूडन व्यापारी होते, नगराच्या कारभारात त्यांना मान होता आणि प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळीत ते वडीलधारे म्हणून गणले जात. घरातील शिस्त कडक होती. शब्बाथ पाळणे, बायबलचे पाठांतर आणि प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण या तीन गोष्टींत त्या घरातील मुलांचे बालपण सरे. नगरातील शाळेनंतर अलेक्झांडर मॅरिशल कॉलेजात शिकला आणि पदवीधर झाला. धर्मोपदेशक व्हायचे हे ठरलेलेच होते.

ते घडले नाही. १७२० च्या सुमारास एका धर्मोपदेशकाच्या मुलीवर त्याचे मन जडले. तिने नकार दिला, तरी तो मागे हटेना. परिणामी त्याला ॲबर्डीनच्या तुरुंगात सुमारे पंधरा दिवस डांबण्यात आले, कारण नगरात वेड्यांसाठी वेगळी जागा नव्हती. जुन्या चरित्रकारांनी याचा अर्थ सरळ लावला : प्रेमभंग झाला, डोके फिरले, कोंडावे लागले. नंतर पुढे आलेली हकिकत निराळी आहे. तीप्रमाणे त्या मुलीच्या घरातील एक कलंक झाकण्यासाठी त्याला गप्प करण्यात आले. ज्युलिया के यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात हीच बाजू जोराने मांडली आहे आणि क्रूडनला कधीच वेड लागले नव्हते असा निष्कर्ष काढला आहे. या घटनेचे खरे कारण काहीही असले तरी तिचा परिणाम वादातीत आहे. एकदा कोंडला गेलेला माणूस दुसऱ्यांदा कोंडणे सोपे जाते. पुढच्या दोन्ही वेळी हा पहिला प्रसंग त्याच्या विरुद्ध उपयोगी पडण्यासारखा होता. उपदेशकाचा मार्ग तर बंदच झाला.

त्याने ॲबर्डीन सोडले आणि तो इंग्लंडात आला. काही वर्षे हर्टफर्डशर आणि आइल ऑफ मॅन येथे खासगी शिक्षक म्हणून काढल्यावर तो लंडनमध्ये मुद्रिते तपासण्याच्या कामाला लागला. हे काम त्याला आयुष्यभर पुरले. मुद्रितशोधकाला वाक्य वाचायचे नसते, अक्षर पाहायचे असते. अर्थाच्या ओघात वाहून गेला की चूक निसटते. क्रूडनला हे साधे, किंबहुना स्वाभाविक होते. याची साक्ष देणारा एक प्रसंग १७२९ सालचा आहे. डर्बीच्या दहाव्या अर्लने ससेक्समधील हाल्नेकर येथे फ्रेंच ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी क्रूडनला नेमले. क्रूडनला फ्रेंच येत होते, पण केवळ डोळ्यांनी. उच्चार त्याने कधी ऐकलेच नव्हते. तो अर्लसमोर बसून शब्दांची अक्षरे एकेक करून सांगू लागला. नोकरी अर्थातच गेली. लंडनला परतून त्याने फ्रेंच भाषकांच्या वस्तीत बिऱ्हाड केले, उच्चार शिकून घेतले आणि त्याच वर्षी अर्लला गाठण्यासाठी लँकेशरमधील नोज्लीपर्यंत मजल मारली. त्याला भेट नाकारण्यात आली. हा किस्सा विनोदासाठी सांगितला जातो. त्यात विनोद आहेच, पण आणखी दोन गोष्टी आहेत. क्रूडनच्या लेखी शब्द म्हणजे प्रथम अक्षरांचा संच होता, आणि नकार ही दुरुस्त करण्याजोगी चूक आहे असे त्याला वाटे. पहिल्या गुणाने कोश झाला. दुसऱ्याने आयुष्य नासले, असे म्हणावेसे वाटते; पण कोशालाही त्या हट्टाची गरज होती.

१७३२ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये पुस्तकांचे दुकान थाटले. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याच्यापर्यंत खटपट करून १७३५ साली त्याने राणी कॅरोलाइनचा पुस्तकविक्रेता ही पदवी मिळवली. पदवीला वेतन नव्हते. दुकान, मुद्रिते तपासणे आणि कोश ही तिन्ही कामे एकाच वेळी चालू होती. कोशाचा आरंभ बहुतेक चरित्रकार १७३६ मध्ये मानतात. एवढ्या थोड्या अवधीत संपूर्ण बायबलमधील शब्दांची टिपणे काढणे, ती लावणे आणि छापून घेणे शक्य दिसत नाही, म्हणून टिपणांचा आरंभ बराच आधी झाला असावा हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सकाळी सातपासून रात्री एकपर्यंत तो काम करीत असे.

कोशाची रचना समजून घेतल्याशिवाय या श्रमांचे मोल कळत नाही. १६११ सालचे अधिकृत इंग्रजी भाषांतर हा त्याचा आधार. कोशाचे तीन स्वतंत्र वर्णानुक्रम आहेत : पहिला जुन्या आणि नव्या करारातील सामान्य शब्दांचा, दुसरा व्यक्ती व स्थळे यांच्या विशेषनामांचा, तिसरा अपोक्रिफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांतील शब्दांचा. शब्दाखाली संदर्भ बायबलमधील ग्रंथांच्या क्रमाने येतात आणि प्रत्येक संदर्भासोबत ओळखू येईल एवढाच वाक्यखंड दिलेला असतो. मोहरी हा शब्द घ्यावा. इंग्रजी भाषांतरात तो अवघ्या पाच ठिकाणी आहे, मत्तयात दोनदा, मार्कात एकदा आणि लूकात दोनदा. वाचकाला पाचही स्थळे एका दृष्टिक्षेपात दिसतात आणि हा दृष्टान्त योहानाच्या शुभवर्तमानात नाही हेही न शोधता कळते. असा शब्द सोपा. हृदय, देव, हात, देणे यांसारख्या शब्दांचे संदर्भ शेकड्यांनी आहेत. तेथे क्रूडनने नुसती रास न लावता पोटविभाग पाडले : माझे हृदय, त्याचे हृदय, पूर्ण हृदयाने, असे जोडशब्द वेगळे काढून त्यांखाली स्थळे दिली. ही योजना त्याच्या कोशाच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण आहे. वाचकाला वचन आठवते ते तुटक आठवते, एखाद्या जोडशब्दाच्या आधाराने आठवते, हे त्याने ओळखले होते. स्मरणशक्ती कोठे थांबते आणि कोशाने कोठून पुढे व्हावे याचे इतके अचूक भान असलेला माणूस इतरांच्या मनाविषयी अजाण होता, असे सरसकट म्हणता येत नाही.

महत्त्वाच्या शब्दांपाशी त्याने अर्थविवरणेही जोडली. ती कॅल्व्हिनपंथी धर्ममतांनी रंगलेली आहेत आणि काही ठिकाणी लांबलचक आहेत. कोशकाराच्या आड दडलेला उपदेशक तेथे बाहेर येतो. ॲबर्डीनमध्ये हुकलेले व्यासपीठ त्याने शब्दार्थांत मिळवले. अलीकडच्या अनेक आवृत्त्यांनी ही विवरणे गाळली आहेत. त्यामुळे कोश सुटसुटीत झाला, पण कर्ता त्यातून निघून गेला. कोशाची एक मर्यादा मात्र मूलभूत आहे. तो इंग्रजी शब्दांचा कोश आहे. एकाच इंग्रजी शब्दामागे हिब्रू वा ग्रीकमधील दोनचार भिन्न शब्द असू शकतात, आणि त्यांचा भेद क्रूडनच्या मांडणीत होत नाही. ही उणीव १८७९ मध्ये रॉबर्ट यंगने आणि १८९० मध्ये जेम्स स्ट्राँगने भरून काढली. कोशाच्या विश्वसनीयतेला यामुळे बाध येत नाही, कारण ज्या वाचकासाठी तो लिहिला तो वाचक इंग्रजी बायबलच वाचत होता.

या पद्धतीचे महत्त्व मराठी अभ्यासकाला निराळे सांगायला नको. कर्नल जी. ए. जेकब यांचा प्रमुख उपनिषदे आणि भगवद्गीता यांचा शब्दानुक्रमकोश १८९१ साली मुंबईतच प्रसिद्ध झाला, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला जोडून प. ल. वैद्य यांनी सिद्ध केलेली श्लोकपादांची सूची १९६७ ते १९७२ या काळात पुण्याहून निघाली. अशा कामात स्थळाचा एक आकडा चुकला तर ती नोंद निरुपयोगी होते, आणि चूक झाली आहे हे वाचकाला कळेपर्यंत कर्ता बहुधा हयात नसतो. मुद्रितशोधकाची नजर असलेला कर्ता लाभणे हे बायबलच्या इंग्रजी वाचकाचे भाग्य होते.

३ नोव्हेंबर १७३७ रोजी क्रूडनने कोशाची प्रत राणी कॅरोलाइनला स्वहस्ते अर्पण केली. ग्रंथ तिलाच अर्पण केलेला होता. मोठ्या बक्षिसाची अपेक्षा होती. रक्कम १०० पौंड सांगितली जाते. २० नोव्हेंबर रोजी राणीचा मृत्यू झाला. सतरा दिवसांत आशा संपली. छपाईत पैसा गुंतलेला, दुकानातील माल संपत आलेला आणि कर्ज डोक्यावर, अशा स्थितीत त्याला दुकान बंद करावे लागले.

चार महिन्यांनी, मार्च १७३८ मध्ये, तो दुसऱ्यांदा कोंडला गेला. या वेळीही निमित्त विवाहाचे होते. पेन नावाच्या एका विधवेशी विवाह करण्याची त्याची इच्छा होती. रॉबर्ट वाइटमन हा दुसरा इच्छुक होता. वाइटमनच्या पुढाकाराने क्रूडनला फसवून गाडीत घालण्यात आले आणि बेथ्नल ग्रीन येथील मॅथ्यू राइटच्या खासगी वेड्यांच्या इस्पितळात नेण्यात आले. तेथे तो नऊ आठवडे सहा दिवस होता. त्याला पलंगाला साखळीने जखडले होते. बेडलम या नावाने प्रसिद्ध असलेल्या इस्पितळाचा वैद्य जेम्स मनरो याचा या प्रकरणाशी संबंध होता. ३१ मे रोजी, जेवणासाठी मिळालेल्या सुरीने पलंगाचे लाकूड कापून, पायातील साखळीसकट तो निसटला आणि भिंत ओलांडून लंडनकडे निघाला. पहारेकऱ्यांनी त्याला हटकले. दुसऱ्या दिवशी तो लॉर्ड मेयर सर जॉन बर्नार्ड याच्यासमोर उभा राहिला, आणि त्याची मुक्तता झाली.

१७३९ मध्ये त्याने या कैदेची हकिकत छापली. लंडनचा एक नागरिक किती अन्यायाला बळी पडला अशा आशयाचे तिचे शीर्षक आहे. हे पत्रक वाचताना प्रथम लक्षात येते ती त्याची मांडणी. दिवसावार नोंदी, कोण आले, कोण काय बोलले, केव्हा बांधले, केव्हा सोडले. तक्रार आहे, पण ती टिपणांच्या रूपात आहे. वेडाच्या भरातील लेखनाचे जे नमुने त्या शतकातून उपलब्ध आहेत त्यांच्याशी या लेखनाचे साम्य नाही. साम्य आहे ते कोशाशी. त्याने वाइटमन, मनरो, राइट आणि इतरांवर दावा लावला. १७ जुलै १७३९ रोजी वेस्टमिन्स्टर येथे त्याचा निकाल क्रूडनच्या विरुद्ध गेला. आश्चर्य नाही. खासगी इस्पितळांत माणसे कोंडण्यावर त्या काळी इंग्लंडात कायद्याचे काहीच नियंत्रण नव्हते. या प्रश्नाकडे संसदेने १७६३ मध्ये समिती नेमून लक्ष दिले आणि परवाना व वैद्याचे प्रमाणपत्र आवश्यक करणारा कायदा झाला तो १७७४ साली, क्रूडनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. शिवाय ज्याची शुद्ध वादग्रस्त ठरली आहे त्याचीच साक्ष त्याच्या शुद्धीविषयी कशी मानावी हा पेच होता. त्या पेचातून क्रूडन कधीच सुटला नाही. न्यायालयात नाही आणि चरित्रग्रंथांतही नाही.

पुढली काही वर्षे शांत गेली. एन्फील्डच्या शाळेत त्याने लॅटिन शिकवले, ग्रीक व लॅटिन अभिजात ग्रंथांची मुद्रिते तपासली. बिशप न्यूटनने संपादिलेल्या मिल्टनच्या महाकाव्याच्या १७४९ च्या आवृत्तीला जोडलेली शब्दसूची त्याची आहे.

सप्टेंबर १७५३ मध्ये रस्त्यात शिव्याशाप देणाऱ्या एका तरुणाला त्याने फावड्याने मारले, भांडण वाढले, आणि बहीण इझाबेला हिच्या संमतीने त्याला चेल्सी येथे सतरा दिवस कोंडण्यात आले. येथून पुढचा क्रूडन समजावून घेणे अवघड आहे, आणि त्याचा कैवार घेणाऱ्यांनी या भागावरून घाईने पुढे जाऊ नये. सुटल्यावर त्याने बहिणीला व तिच्या साथीदारांना सुचवले की त्यांनी प्रायश्चित्त म्हणून थोडा दंड भरावा आणि स्वतःहून न्यूगेटसारख्या एखाद्या तुरुंगात अठ्ठेचाळीस तास राहावे, म्हणजे तो सारे विसरेल. त्यांनी मानले नाही. १७५४ मध्ये त्याने दावा लावला आणि पुन्हा हरला. या काळात त्याने दुरुस्तीकार अलेक्झांडर हे नाव धारण केले. मुद्रिते दुरुस्त करणारा आता लोकांचे आचरण दुरुस्त करणार होता. शब्बाथभंग आणि शिवराळपणा ही त्याने हेरलेली दोन मुख्य अशुद्धे. संसदेने कायदा करून आपली या पदावर नेमणूक करावी, राजाने सरदारकी द्यावी, अशी त्याची मागणी होती. १७५४ च्या निवडणुकीत तो लंडन शहरातून उमेदवार म्हणून पुढे आला. यश आले नाही. त्याच सुमारास स्टोक न्यूइंग्टन येथील एलिझाबेथ ॲबनी या धनिक कुमारिकेच्या मागे तो पत्रे घेऊन लागला. ती प्रवासास गेली तेव्हा तिच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून त्याने निरनिराळ्या मंडळ्यांत चिठ्ठ्या वाटल्या. तिने दाद दिली नाही, हे सांगायला नकोच. तिच्या बाजूने पाहिले तर हा छळच होता.

ही सारी माहिती तीन भागांत १७५४–५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनपर पत्रकांतून मिळते. त्यांत तो स्वतःला नावाने व तृतीयपुरुषी संबोधतो. सरदारकीसाठी ज्यांची दारे झिजवली त्यांपैकी एका अर्लच्या सौजन्याची तो प्रशंसा करतो आणि लगेच कारणही देतो : या अर्लला पायांचा संधिवात असल्यामुळे इतरांसारखे पळून जाणे त्याला जमत नव्हते. ज्याला आपल्यापासून लोक पळतात हे दिसते आणि त्यावर विनोद करता येतो, त्याला केवळ भ्रमिष्ट ठरवणे सोपे नाही. उलट इतके दिसत असूनही जो थांबत नाही, त्याला सर्वस्वी निरोगी म्हणणेही अवघड. एडिथ ऑलिव्हिए यांनी १९३४ साली लिहिलेल्या चरित्रात विक्षिप्तपणाला प्राधान्य आहे, ज्युलिया के यांच्या ग्रंथात कटाला. पहिल्यात कोशकार हरवतो, दुसऱ्यात ॲबनीच्या दाराशी उभा असलेला माणूस. बेथ्नल ग्रीनची कैद अन्याय्य होती आणि १७५४ चा क्रूडन इतरांना असह्य होता, ही दोन्ही विधाने एकदम खरी असू शकतात. पहिल्या कैदेपासून साचत आलेल्या अपमानाचा दुसऱ्या विधानाशी संबंध जोडणारा चरित्रकार अजून त्याला मिळालेला नाही.

या दुरुस्तीकाराने एक दुरुस्ती खरोखर करून दाखवली. १७६२ मध्ये रिचर्ड पॉटर नावाच्या अडाणी खलाशाला बनावट मृत्युपत्र वापरल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. आपण काय करतो आहोत हे पॉटरला कळलेच नव्हते अशी क्रूडनची खात्री पटली. तो न्यूगेटच्या तुरुंगात जाऊन त्याला भेटत राहिला, त्याला शिकवत राहिला आणि मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स याच्याकडे त्याने इतक्या खेपा घातल्या की अखेर फाशीऐवजी हद्दपारीची शिक्षा झाली. अर्ल, लॉर्ड मेयर, ॲबनी यांच्याकडे अयशस्वी ठरलेला हट्ट येथे फळला. माणूस तोच होता. १७६३ साली त्याने पॉटरची हकिकत छापली. उत्साहाच्या भरात न्यूगेटमधील सर्वच कैद्यांना त्याने नव्या कराराच्या प्रती वाटल्या, त्यांची परीक्षा घेऊन किरकोळ बक्षिसेही दिली. कैद्यांनी त्या प्रती विकून दारू घेतली, आणि तो उपक्रम थांबला. त्याच सुमारास जॉन विल्क्सच्या पत्राच्या पंचेचाळिसाव्या अंकामुळे लंडनच्या भिंतींवर ठिकठिकाणी ४५ हा आकडा झळकू लागला होता. विल्क्सचा कट्टर विरोधक असलेला क्रूडन खिशात स्पंज बाळगून दिसेल तेथे तो आकडा पुसत असे.

दिवसभराच्या या उद्योगानंतर रात्री तो ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’ या वृत्तपत्राची मुद्रिते तपासत असे. काम संपायला रात्रीचा एक वाजून जाई. पहाटे उठून तो पुन्हा कोशाच्या टिपणांना बसे. वेडाच्या कथांत हा भाग क्वचितच येतो. पहिली आवृत्ती संपल्यानंतरही तो वर्षानुवर्षे भर घालीत होता, चुका काढीत होता. दुसरी आवृत्ती १७६१ मध्ये निघाली आणि ती त्याने तिसऱ्या जॉर्ज राजाला प्रत्यक्ष भेटून अर्पण केली. १७६९ मध्ये तिसरी निघाली. प्रकाशकांनी दुसऱ्या आवृत्तीबद्दल ५०० आणि तिसरीबद्दल ३०० पौंड दिले. पहिल्या आवृत्तीने ज्याला कर्जात लोटले होते त्याला उत्तरायुष्यात ओढाताण राहिली नाही. पैशाचा मोठा भाग तो दानात खर्च करी.

१७६९ मध्ये तो ॲबर्डीनला गेला. तुरुंगातून सुटून ज्या गावातून तो बाहेर पडला होता तेथे आता त्याला कोशकार म्हणून मान मिळाला. रस्त्यात शब्बाथ पाळण्याविषयीची पत्रके वाटत तो तेथे सुमारे वर्षभर राहिला. मुद्रक चामर्स याचा लहान मुलगा अलेक्झांडर याने त्याला या दिवसांत पाहिले. पुढे याच अलेक्झांडर चामर्सने त्याचे चरित्र लिहिले, आणि नंतरच्या बहुतेक चरित्रकारांचा तोच मुख्य आधार ठरला. म्हणजे परंपरेने स्वीकारलेले क्रूडनचे चित्र एका मुलाने पाहिलेल्या सत्तरीच्या वृद्धाचे आणि त्या वृद्धाच्या पत्रकांचे मिळून बनलेले आहे. कोश रचणारा अडतीस वर्षांचा माणूस त्या चित्रात नाही.

क्रूडन लंडनला परतला आणि १ नोव्हेंबर १७७० रोजी इस्लिंग्टनमधील कॅम्डन स्ट्रीटवरील बिऱ्हाडात मरण पावला. सकाळी तो खुर्चीवर डोके टेकून गुडघ्यांवर, प्रार्थनेच्या स्थितीत आढळला. सदर्कमधील डेडमन्स प्लेस येथील दफनभूमीत त्याला पुरले. तो अविवाहित होता. मृत्युपत्रान्वये त्याने ॲबर्डीनमध्ये धार्मिक पुस्तके वाटण्यासाठी काही रक्कम ठेवली आणि मॅरिशल कॉलेजातील एका गरजू विद्यार्थ्याला वर्षाला पाच पौंड मिळावेत अशी व्यवस्था केली.